साखर कारखान्यासाठी क्लाउड सांभाळायचा प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा? काटा थांबून चालणार नाही

दूधगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

चिक्कोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि दोन तरुण पोरं. एकाकडे नेटवर्क आणि उसाचे वजनकाटे, दुसऱ्याकडे शेतकीचं सॉफ्टवेअर. गेल्या बैठकीत संचालक मंडळानं ठराव केला की पुढचा हंगाम लागायच्या आत आमची सगळी यंत्रणा, सर्व्हर खोलीतली आणि क्लाउडवरची (म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या, इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरची), एका जागेवरून दिसली पाहिजे आणि तिथूनच चालवता आली पाहिजे. कोणता प्लॅटफॉर्म घ्यायचा ते मी मेअखेर लिहून द्यायचं आहे. तीन कंपन्यांची माणसं येऊन पडद्यावर दाखवून गेली. तिघांचंही दाखवणं चांगलं होतं. पण काटा कुठं आहे, तो बघू या का, असं एकानंही विचारलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना साखर कारखाना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे दिवसाला साधारण ५,००० टन गाळप होतं. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या धरून दिवसाला साडेतीनशे-चारशे वाहनं येतात. प्रत्येक वाहन दोनदा काट्यावर चढतं, एकदा भरलेलं आणि एकदा रिकामं. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस, आणि त्याची पावती म्हणजे त्याचं वर्षभराचं उत्पन्न. त्याच पावतीवर तोडणी टोळीचे पैसे निघतात, वाहतुकीचे निघतात, मुकादमाचा हिशेब होतो. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च चालतं. उरलेले महिने आमचे सर्व्हर जवळजवळ झोपलेले असतात.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. सर्व्हर खोलीत दोन यजमान मशीन आणि त्यांच्यावर ११ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे संगणक, आहेत. लेखा, साखर विक्री, स्टोअर, हजेरी तिथं चालतं. एका क्लाउड कंपनीच्या मुंबई रीजनमध्ये शेतकीचं नवं सॉफ्टवेअर आणि शेतकऱ्यांना जाणारे एसएमएस आहेत. दुसऱ्या एका क्लाउडवर बॅकअप आणि चाचणीची मशीन आहेत. हे दुसरं खातं आमच्या जुन्या कंत्राटदारानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं आणि त्याचा मूळ पासवर्ड आजही त्याच्याकडेच आहे. माणूस सज्जन आहे, फोन केला की मदत करतो. पण पाच महिन्यांपूर्वी हे नीट ध्यानात आलं तेव्हापासून मला चैन नाही.

दोन प्रसंग सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल.

पहिला पैशाचा. गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर हंगामापुरती वाढवलेली सहा मशीन बंद करायची राहिली. एप्रिल, मे, जून. जुलैत लेखापरीक्षकांनी विचारलं, गाळप बंद असताना हे बिल कसलं? तोवर १ लाख ८० हजार रुपये गेले होते. त्यातली दोन मशीन कुणी आणि कशासाठी सुरू केली होती, ते आम्हाला आजपर्यंत सापडलेलं नाही.

दुसरा प्रसंग जानेवारीतला. शेतकीच्या नव्या सॉफ्टवेअरबरोबर काट्याची पावतीही मी क्लाउडवर नेली होती. निर्णय माझाच होता. रात्री पावणेबाराला खोदकामात फायबर तुटली. दुसरी लाइन होती, पण तीही पुढं जाऊन त्याच खांबांवरून येते हे आम्हाला त्या रात्री कळलं. मोबाइलच्या डोंगलवर पावती उघडेना. तीन तास काटा हातानं चालवला. मी वहीत वजनं लिहीत होतो, पोरगा इंडिकेटरवरचा आकडा मोठ्यानं वाचत होता. ५३ पावत्या झाल्या. यार्डाबाहेर रस्त्यावर रांग लागली. थंडीत बैल जुंपलेले उभे होते, गाडीवान त्यांच्या पाठीवर पोती टाकत होते. टोळीतल्या बाया ट्रॉलीला टेकून झोपल्या होत्या. तोडलेला ऊस जितका थांबेल तितका वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. तो तोटा आमच्या कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वहीतली वजनं संगणकात घालताना चार पावत्यांवर वाद झाला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला शांतपणे विचारलं, "साहेब, माझं वजन तुमच्या वहीत आहे का तुमच्या ढगात?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

म्हणून प्लॅटफॉर्म निवडताना माझ्यापुढं तीन गोष्टी आहेत. काटा तारेवर अवलंबून राहता कामा नये. काय चालू आहे, कुणी चालू केलं आणि त्याचे किती पैसे होताहेत, हे मला रोज कळलं पाहिजे. आणि आम्ही तिघं ते चालवू शकलो पाहिजे, कारण रात्री दोनला बाहेरून कुणी येत नाही. बेळगावहून निघालं तरी तास-दीड तास लागतो.

मी बघितलेले पर्याय असे. एक म्हणजे सगळ्या क्लाउडवर बसणारं विकतचं पोर्टल, वर्षाला मशीनमागं पैसे. दुसरा, ओपनस्टॅक घालून सर्व्हर खोलीतच स्वतःचा क्लाउड उभा करायचा. एका सल्लागारानं यावर बराच भर दिला. तिसरा, टेराफॉर्मसारखं काही शिकून कुठली मशीन कशी हवीत ते सगळं कोडमध्ये लिहायचं. चौथा, मोठ्या क्लाउड कंपनीचीच व्यवस्थापनाची साधनं आपल्या सर्व्हरपर्यंत ताणायची, मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडच्या 'अझुर आर्क'सारखी. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा. सल्ला कडक असला तरी चालेल.

उद्यमबाग_रात्रपाळी

दादा, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप असलेल्या एका ग्रुपचे सर्व्हर बघतो. आमच्याकडे बैल नाहीत, पण भट्टी लागलेली असली की ती पण थांबत नाही.

ओपनस्टॅक घेऊ नका. ते वाईट नाही. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस कंपनीनं सुरू केलं, सर्नसारख्या मोठ्या संशोधन संस्थेत हजारो मशीन त्यावर चालतात. पण त्याचे तुकडे बघा: ओळखीसाठी कीस्टोन, मशीनसाठी नोव्हा, नेटवर्कसाठी न्यूट्रॉन, डिस्कसाठी सिंडर, इमेजसाठी ग्लान्स. प्रत्येकाची वेगळी सेवा, वेगळे लॉग, खाली डेटाबेस आणि संदेशांची रांग, आणि वर्षाला दोन आवृत्त्या. दोन मशीनवरच्या ११ व्हर्च्युअल मशीनसाठी हे म्हणजे परसातल्या विहिरीवर धरणाचा दरवाजा बसवण्यासारखं आहे. ते सांभाळायलाच तुमची तिन्ही माणसं लागतील आणि काटा बघायला कोण उरणार? स्वतःचा क्लाउड हवाच असेल तर अपाची क्लाउडस्टॅक पुष्कळ सोपं पडतं. पण तुम्हाला तेही लागेलसं वाटत नाही.

सर्व्हर खोलीसाठी आम्ही प्रॉक्समॉक्स घेतलं, व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सवर बसतं, आत मशीन चालवायला केव्हीएम आहे, मुक्त परवाना आहे. आधार हवा असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटमागं वर्षाचे पैसे भरायचे. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी करा. दोनच मशीन जोडून क्लस्टर, म्हणजे गट, केला तर एक पडल्यावर दुसऱ्याला बहुमत मिळत नाही आणि तेही हात बांधून बसतं. तिसरं मत द्यायला एक छोटं मशीन ठेवा, त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात. आम्ही जुना डेस्कटॉप ठेवलाय. आणि मुंबईतलं क्लाउड मशीन या क्लस्टरात ओढायचा मोह टाळा. क्लस्टरची आतली बोलणी काही मिलिसेकंदांत व्हावी लागतात, लांबच्या लाइनवर ती टिकत नाहीत.

दोन मशीनमधली डिस्क-नक्कल आपोआप दर १५ मिनिटांनी होते, कमीत कमी एका मिनिटावर आणता येते. म्हणजे मशीन पडलं तर शेवटच्या नकलेनंतरचं गेलं. स्टोअरच्या नोंदींना ते चालेल. काट्याच्या डेटाबेसला चालणार नाही, त्याला डेटाबेसचीच स्वतःची सततची नक्कल लावा.

पण खरं सांगायचं तर काट्याची पावती सर्व्हर खोलीतही नको, काट्याच्या केबिनमध्येच पाहिजे. पंखा नसलेला औद्योगिक पीसी घ्या, कारण तुमच्याकडे बगॅसचा, उसाच्या चोथ्याचा, भुस्सा उडतो, पंख्याच्या मशीनचं नाक दोन महिन्यांत बंद होतं. इंडिकेटरची सिरियल केबल थेट त्यात, डेटाबेस त्यातच, प्रिंटर त्यालाच. केबिनला वेगळा यूपीएस. लाइन असली की पावत्या वर जातील, नसली की तिथंच थांबतील. पावती नंबरात काट्याचा आकडा घाला, १ नंबर काट्याची मालिका वेगळी, २ नंबरची वेगळी, म्हणजे काट्यांची लाइन तुटलेली असताना एकच नंबर दोनदा निघणार नाही.

आणि टेराफॉर्म वगैरे तीन माणसांच्या विभागात आणू नये असं माझं मत आहे. शिकलेला पोरगा पुण्याला गेला की तो कोड कोण वाचणार?

दूधगंगाकाठ

केबिनमधला पीसी, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही 'सर्व्हर खोली का क्लाउड' एवढ्याच वादात अडकलो होतो. काट्यापासून सर्व्हर खोली ४०० मीटरवर आहे आणि मधली केबल एकदा ट्रॉलीनं ओढून नेली होती, तेव्हा तुमचं म्हणणं लगेच पटलं.

एक विचारतो. हंगामात आमची वीज आमच्याच टर्बाइनची, ऑफ-सीझनला बाहेरून येते. टर्बाइन ट्रिप झालं की दोन-चार मिनिटं सगळं अंधारात जातं. केबिनच्या यूपीएसवर प्रिंटर आणि इंडिकेटर दोन्ही घ्यायचे ना?

उद्यमबाग_रात्रपाळी

दोन्ही, आणि नेटवर्क स्विच पण. इंडिकेटर सुटला तर पीसी जिवंत असून उपयोग नाही.

तिसरं_रेल्वे_गेट

नमस्कार दादा. मी टिळकवाडीत राहून बंगळूरच्या एका कंपनीच्या प्लॅटफॉर्म टीमचं काम करते. माझे आजोबा संकेश्वरकडचे ऊसकरी, म्हणून तुमचा प्रश्न दोनदा वाचला.

तुम्ही लिहिलेले चार पर्याय एका रांगेतले नाहीत, म्हणून ते तोलताना गोंधळ होतोय. प्रॉक्समॉक्स किंवा ओपनस्टॅक मशीन *बनवतं*. टेराफॉर्म काय असायला हवं ते *लिहून ठेवतं* आणि तसं करून घेतं. पोर्टल आणि आर्क हे बहुतांशी *दाखवतात* आणि नियम लावतात. तुम्हाला तिन्ही कामं हवी आहेत, पण ती एकाच कंपनीकडून घ्यायची गरज नाही.

रात्रपाळीदादांचं केबिनबद्दलचं सगळं मान्य. कोडबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. तुमच्या शेतकी खात्यात ऊस नोंद असते, बरोबर? कुणाच्या कुठल्या गटात किती एकर, कुठली जात, लागण कधीची. चिटबॉय, शेतकी खात्याचा गावोगाव फिरणारा माणूस, फडात जाऊन बघतो, नोंदीत दोन एकर आणि फडात दीड असलं की लगेच कळतं. तुमच्या क्लाउडला ही नोंदच नाही. त्यामुळं सहा मशीन तीन महिने उभी राहिली आणि दोघांचा मालक सापडला नाही. टेराफॉर्म म्हणजे ती नोंद वही, आणि त्याची 'प्लॅन' ही आज्ञा म्हणजे फडात जाऊन केलेली पाहणी. नोंदीतल्या मशीनला कुणी हातानं बदललं की प्लॅन तो फरक दाखवते. नोंदच नसलेलं मशीन मात्र तिला दिसत नाही. म्हणून सुरुवातीला दोन्ही खात्यांची पूर्ण झडती घेऊन सगळं नोंदीत आणावं लागेल.

आणि पोरगा पुण्याला गेला तर? कोड नसेल तर तो सगळं डोक्यात घेऊन जाईल. कोड असेल तर निदान वही मागं राहील. तुमच्या क्लाउडवर पंधरा-वीस गोष्टी असतील, त्याचा कोड चार-पाचशे ओळींच्या पुढं जाणार नाही.

आता टेराफॉर्म का ओपनटोफू. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीनं त्याचा मुक्त परवाना बदलून बिझनेस सोर्स परवाना केला. त्यावर लोकांनी जुन्या कोडवरून ओपनटोफू काढलं, ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. हॅशिकॉर्प आता आयबीएमकडे आहे. नव्या परवान्याची अट हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारं उत्पादन विकणाऱ्यांसाठी आहे, कारखान्याला स्वतःपुरतं वापरायला त्यात आडकाठी नाही. तरीही मी तुम्हाला ओपनटोफूच सांगेन, कारण १.७ आवृत्तीपासून त्यात स्टेट फाइल कूटबद्ध करता येते. ही स्टेट फाइल म्हणजे वहीची मूळ प्रत. तिच्यात डेटाबेसचे पासवर्डसुद्धा उघडे बसलेले असू शकतात. ती कुणाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. क्लाउडच्या स्टोरेजमध्ये, कुलूप लावून, जुन्या आवृत्त्या राखून ठेवा. दोघांनी एकाच वेळी चालवलं तर कुलूप एकाला थांबवतं.

आत्ता जे चालू आहे ते पाडून नव्यानं बांधायचं नाही. आहे त्या मशीनची नोंद 'इम्पोर्ट' करून घेता येते. दिवसाला दोन-तीन घ्या, प्लॅन चालवा, 'काही बदल नाही' असं आलं की पुढचं घ्या. घाईनं 'अप्लाय', म्हणजे बदल अमलात आणायची आज्ञा, मारू नका. प्लॅनच्या उत्तरात 'नष्ट होईल' असा शब्द दिसला की हात मागं. आमच्याकडे एकदा तो शब्द कुणी वाचला नाही आणि डेटाबेसची डिस्क गेली. बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी ती रात्र अजून आठवते.

पैशाचं सांगते. क्लाउड कंपन्यांचा नुसता बजेट-इशारा आपोआप मशीन बंद करत नाही, फक्त कळवतो, आणि त्यातले आकडे काही तास मागचे असतात. म्हणून प्रत्येक गोष्टीवर तीन टॅग, म्हणजे माहितीच्या चिठ्ठ्या, सक्तीचे करा: मालक, काम, आणि कधीपर्यंत. हंगामाची मशीन असतील तर 'कधीपर्यंत' मध्ये हंगामाचा शेवट. टॅग नसलेलं काही दिसलं की सकाळी तुम्हाला मेल आला पाहिजे. आणखी एक, पुष्कळ जण इथं फसतात. अझुरवर मशीनच्या आत जाऊन शटडाउन केलं तरी बिल चालूच राहतं, बाहेरून ते मोकळं करावं लागतं. कुठल्याही क्लाउडवर मशीन थांबलं तरी डिस्कचे पैसे चालू असतात. तुमच्या सहा मशीनच्या डिस्का आजही तिथं असतील, आत्ता जाऊन बघा.

अझुर आर्क चांगलं आहे, सर्व्हर खोलीतली मशीन क्लाउडच्या यादीत दिसायला लागतात. पण नोंदीच्या पुढं सुरक्षा, धोरण तपासणी वगैरे घेतलं की सर्व्हरमागं पैसे सुरू होतात. तुमचं दुसरं खातं तिथंच असेल तर विचार करा, नाहीतर त्यासाठी तिसरा संसार मांडू नका.

विकतचं पोर्टल या वर्षी घेऊ नका. नोंद नसताना पोर्टल घेतलं तर ते तुमचा गोंधळच रंगीत करून दाखवेल.

दूधगंगाकाठ

ताई, तुमचा निरोप वाचून लगेच खातं उघडलं. डिस्का आहेत. सहाच्या सहा. आज संध्याकाळी आत काय आहे ते बघून, बॅकअप घेऊन काढतो.

ऊस नोंदीचं उदाहरण मी एमडी साहेबांना सांगणार आहे. ते शेतकी अधिकारी होऊन वर आलेत, त्यांना लगेच कळेल.

शहापूर_पतसंस्था

मी सहकारी पतसंस्थेत आहे. तंत्रज्ञानाचं वरच्या दोघांनी सांगितलं. माझं म्हणणं कागदाबद्दल आहे.

सगळ्यात आधी ते कंत्राटदाराच्या ईमेलवरचं खातं संस्थेच्या नावावर आणा. प्लॅटफॉर्म, कोड, डॅशबोर्ड, सगळं त्यानंतर. ईमेल कुणा व्यक्तीचा नको, पदाचा हवा. मूळ खात्याला दुसऱ्या पायरीची किल्ली लावा, यूएसबीसारखी मिळते, दोन घ्या. एक तुमच्याकडे, एक लिफाफ्यात सील करून कारखान्याच्या तिजोरीत, आणि लिफाफा उघडला तर कुणी आणि कधी याची वही ठेवा. कंत्राटदार सज्जन आहेत म्हणता ना, मग हे आत्ताच करून घ्या. त्यांच्या घरी उद्या काही झालं तर त्यांच्या मुलांकडे पासवर्ड मागत फिरावं लागेल. आमच्या ओळखीतल्या एका संस्थेला तसं फिरावं लागलं.

दुसरं, सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तुम्हालाही लागू आहेत, फक्त बँकांना नाहीत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. लॉग १८० दिवस जपायचे, भारतातच. मशीनची घड्याळं ठरलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळलेली हवीत. प्लॅटफॉर्मवाल्याला विचारा, तुमच्या यंत्रणेत कुणी कुठलं बटण दाबलं याची नोंद किती दिवस राहते आणि ती कुठल्या देशात राहते. स्वस्त योजनांमध्ये ती थोडेच दिवस ठेवतात असं आम्हाला दिसलं.

तिसरं, करार संपताना काय? आमचा डेटा कुठल्या स्वरूपात देणार, किती दिवसांत, आणि बाहेर काढायचे दर गिगाबाइटचे पैसे किती? हे लेखी घ्या. शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर, आधार, सातबारा तुमच्याकडे आहेत. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा बघून ती जबाबदारी करारात कुणाची आहे तेही लिहून घ्या.

बॅकअपचं एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि निपाणी-कोल्हापूर रस्ता बंद झाला, तेव्हा आमच्या एका शाखेची बॅकअपची हार्डडिस्क पिशवीत भरून ठेवलेली होती, पण ती इकडं येऊ शकत नव्हती. तुमचा कारखाना तर नदीकाठचाच. एक प्रत खोऱ्याच्या बाहेर ठेवा आणि ती महिन्यातून एकदा उघडून बघा.

अथणीकड

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेत मित्रांकडून शिकलो. चूक झाली तर सांभाळून घ्या. आधी चार हंगाम मी चिटबॉय होतो, आता सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो.

केबिनमध्ये पावती थांबून मग वर जाणार असेल तर एक गोष्ट जपा. पावतीवर आणि एसएमएसमध्ये *वजन झाल्याची* वेळ पाहिजे, वर पोचल्याची नाही. रात्री ११:५० ला वजन झालं, लाइन आली पहाटे दोनला, आणि सॉफ्टवेअरनं दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली, तर शेतकऱ्याचा एक दिवस गेला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. ते दिवस या तारखेवरून मोजतात. आम्ही चिटबॉय असताना भांडणं तारखेचीच जास्त असायची.

एसएमएस कन्नड आणि मराठी दोन्हीत जात असेल तर लांबी मोजा. या लिपींत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६०. एक शब्द वाढला की दोन एसएमएसचे पैसे. आणि रात्री काट्यावर बसणाऱ्या माणसाला बिघाडाचा जो इशारा जाईल तो त्याच्या भाषेत ठेवा. 'कनेक्शन टाइमआउट' वाचून तो काही करू शकत नाही. 'लाइन तुटली, काटा चालू ठेवा, पावत्या साठत आहेत' असं वाचलं की तो घाबरणार नाही.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गेले, काय ठरलं ते लिहितो.

खातं परवा कारखान्याच्या नावावर आलं. कंत्राटदार स्वतः येऊन बसले, दोन तास लागले. तिजोरीत लिफाफा ठेवला, त्यावर चेअरमन साहेबांची सही आहे.

अहवालात मी विकतचं पोर्टल नको असं लिहिलं. त्या पैशातून तीन काट्यांच्या तीन केबिनसाठी तीन पीसी, यूपीएस आणि वेगळ्या दिशेनं येणारी दुसरी लाइन मागितली आहे. सर्व्हर खोली प्रॉक्समॉक्सवर नेणार, तिसऱ्या मताला जुनं मशीन. क्लाउडवरचं ओपनटोफूमध्ये. पोरांनी आत्तापर्यंत नऊ गोष्टींची नोंद घेतली, प्लॅन स्वच्छ येतोय. नोंद घेताना त्या दोन बेवारशी मशीनपैकी एकाचा माग लागला. ते माझ्याच विभागातून सुरू झालं होतं, एसएमएसची चाचणी करायला. दुसऱ्याचा अजून लागला नाही. सर्व्हर खोलीचं कोडमध्ये नेत नाही, तिथं रात्रपाळीदादांचंच ऐकलं.

संचालकांना 'एका जागेवरून दिसलं पाहिजे' होतं. त्यांच्यासाठी ग्राफानावर, म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एकच पान केलंय आणि त्यावर चारच आकडे आहेत: प्रत्येक काट्यावरची शेवटची पावती किती वाजता झाली, वर जायच्या राहिलेल्या पावत्या किती, आजपर्यंतचा महिन्याचा क्लाउड खर्च, आणि शेवटचा *उघडून बघितलेला* बॅकअप कुठल्या तारखेचा. एमडी साहेबांनी पाचवा आकडा मागितला, रांगेतल्या वाहनांचा. तो संगणक विभागाचा नाही, यार्डाचा आहे, तरी घालतोय. त्या रात्री तो कुणाला दिसला असता तर रस्त्यावरच्या गाड्या तरी आधीच फडात थांबवता आल्या असत्या.

तारखेची चूक आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खरंच होती. अथणीकड, तुमच्यामुळं सापडली. जानेवारीतल्या त्या ५३ पावत्यांपैकी मध्यरात्रीच्या आधीच्या ६ पावत्यांवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडली होती. शेतकीला लिहून दिलंय, दुरुस्ती होईल, आणि व्याजाचा फरक निघत असेल तर तो त्या सहा जणांना द्यावा असंही लिहिलंय.

१५ मेला चाचणी आहे. ऊस नाही, म्हणून प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेला गाळ) भरलेल्या ट्रॉल्या काट्यावर चढवणार आणि दोन्ही लाइनी हातानं काढणार, चार तास. वहीतली वजनं वाचून ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या आजोबांना बघायला बोलावलंय. ते म्हणाले, येतो, पण स्वतःची वही घेऊन येतो. बसायला काट्याशेजारीच खुर्ची ठेवायला सांगितली आहे.